एको किती ठेवायचा?

उंब्रजच्या पेठेतून वरात निघते तेव्हा टेम्पोवरच्या मंडळींत सगळ्यात कमी जागा बेंजोवाला अडवतो आणि सगळ्यात जास्त ऐकू येतो तोच. ऑक्टोपॅड, ढोलकी, हलगी, कधी एखादा कीबोर्ड, आणि या गलक्याच्या वरून चिरत जाणारा बेंजो. वादकाच्या गुडघ्याशी, नाहीतर जनरेटरच्या वायरींच्या गुंत्यात, वीतभर लांबीची एक पेटी पडलेली असते. झूमचा नाहीतर बॉसचा प्रोसेसर. कंपनीने तो गिटारसाठी बनवलेला असतो. त्यात दहा-वीस तऱ्हेचे परिणाम भरलेले असले तरी वरातीत खरे कामाला येतात ते दोनच. एक डिले, म्हणजे वाजवलेला सूर क्षणभराने पुन्हा ऐकवणं. याला आपल्याकडे सरसकट एको म्हणतात. दुसरं पिच शिफ्टिंग, म्हणजे तोच सूर वर किंवा खाली सरकवून देणं. सप्तकभर सरकवला की ऑक्टेव्ह.

एकाच्या बेंजोचा एको गोड का लागतो आणि दुसऱ्याचा डोकं का उठवतो, हा प्रश्न इथल्या वादकांमध्ये नेहमीचा आहे. उत्तर बहुतेक वेळा कंपनीच्या नावात शोधलं जातं. ते तिथे अर्धंच सापडतं. गिटारवाल्यांनी जगभर या पेट्यांवर रकानेच्या रकाने लिहिले आहेत, बेंजोवाल्यांसाठी मात्र फारसं कुणी लिहिलेलं नाही. माझा अंदाज असा की कराड ते मिरज या पट्ट्यात असल्या पेट्या गिटारपेक्षा बेंजोलाच जास्त जोडलेल्या सापडतील. म्हणून हा खटाटोप.

आधी वाद्याविषयी, कारण सगळं तिथून सुरू होतं. आपला बेंजो आणि अमेरिकेतला बँजो यांचा नावापलीकडे संबंध नाही. आपलं वाद्य जपानी घराण्यातलं. नागोयाच्या मोरिता गोरो यांनी 1912 च्या सुमारास तारांवर टाइपरायटरसारखी बटणं बसवून ताइशोगोतो नावाचं वाद्य काढलं. ते हिंदुस्थानात आलं आणि बुलबुल तरंग झालं, महाराष्ट्रात बेंजो. पुढे त्याला पिकअप बसले, ते अ‍ॅम्प्लिफायरला जोडलं गेलं आणि गणपतीच्या मिरवणुकीपासून हळदीपर्यंत सगळीकडे शिरलं. 2016 मध्ये रवी जाधव यांनी ‘बँजो’ नावाचा हिंदी चित्रपटच काढला, तेव्हा कुठे शहरी प्रेक्षकाला कळलं की अशी एक दुनिया आहे.

या वाद्याच्या दोन खोडी आहेत. तारेवर नखी पडली की सूर टणकन उठतो आणि लगेच मरतो. त्याला आस नाही. आणि बटणं असल्यामुळे दोन सुरांमधली जागा हाताला लागत नाही, म्हणजे मींड नाही. बाजाच्या पेटीवरही हाच आक्षेप होता. त्यापायी आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत हार्मोनियम बंद ठेवली होती. बेंजोवाल्याने त्या वादात न पडता दुकानातून दोन इलाज आणले. पहिल्या खोडीवर डिले, दुसरीवर पिच शिफ्टर.

डिलेचा जन्म टेपवर झाला. टेपरेकॉर्डरचं ध्वनिमुद्रण करणारं हेड आणि वाजवणारं हेड यांत थोडं अंतर असतं. तेवढं अंतर कापायला टेपला जो वेळ लागतो तेवढा उशीर आयताच मिळतो. 1950 च्या दशकात मेम्फिसच्या सन स्टुडिओत सॅम फिलिप्स यांनी दोन टेपरेकॉर्डर वापरून गाण्यामागे ती प्रसिद्ध थाप आणली. मग ही करामत पेटीत बंद झाली: इंग्लंडात वॉटकिन्सची कॉपीकॅट, अमेरिकेत एकोप्लेक्स, इटलीत टेपऐवजी चुंबकीय ढोल फिरवणारी बिन्सन, आणि 1974 मध्ये जपानच्या रोलँडची स्पेस एको. टेप झिजायची, मोटर किंचित डळमळायची, आणि प्रत्येक फेरीला आवाजातली धार थोडी कमी व्हायची. पहिला पडसाद मूळ सुराहून मऊ, दुसरा त्याहून मऊ, तिसरा नुसता धुरकट. अभियंत्यांच्या लेखी हा दोष होता. गिटारवाल्यांना तो इतका आवडला की आजची महागडी डिजिटल पेडलं तोच दोष गणिताने परत घालतात आणि त्याचे जादा पैसे लावतात.

टेपनंतर आली चिप. 1969 मध्ये फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत सँगस्टर आणि टीअर यांनी एक मंडल काढलं, त्याला बकेट ब्रिगेड म्हणतात. स्लॅब पडताना माणसांची रांग लावून घमेली हातोहात वर जातात, तसा यात विजेचा भार एका खणातून पुढच्या खणात सरकतो. रांग जितकी लांब आणि हात जितके सावकाश, तितका माल वर पोहोचायला उशीर. आणि प्रत्येक हाताला थोडं सांडतंच. मात्सुशिताच्या एमएन 3005 या चिपमध्ये असे 4096 खण होते. तिला सेकंदाला दहा हजार ठेके दिले की सूर साधारण 205 मिलिसेकंदांनी बाहेर पडतो. उशीर वाढवायचा तर ठेके कमी करायचे. पण ठेके कमी केले की वरच्या पट्टीचा तपशील हुकतो आणि खरखर आत शिरते. ती दाबायला फिल्टर लावावा लागतो आणि फिल्टर उरलीसुरली धारही घेऊन जातो. 1981 च्या बॉस डीएम-2 चा तो लाडका, गडद पडसाद असा मजबुरीतून आला आहे. त्याचा उशीर जेमतेम 300 मिलिसेकंदांपर्यंत जायचा.

त्यानंतर दोन-तीन वर्षांतच बॉसने डीडी-2 काढला. पायाखालच्या छोट्या पेटीतला पहिला डिजिटल डिले तो हाच. बारा बिटांचा, 800 मिलिसेकंदांपर्यंत जाणारा, आणि पडसाद असा की मूळ सुराची सहीसही नक्कल. कागदावर ही निखळ प्रगती होती. कानाला मात्र लोकांनी तक्रार केली की आवाज कोरडा लागतो.

ही तक्रार अनेकजण जुन्याच्या मोहात काढतात हे खरं, पण तिच्यात तथ्य आहे, आणि ते बेंजोवर गिटारपेक्षा लवकर कळतं. पडसाद मूळ सुराइतकाच लखलखीत असला की कानाला आत्ताचा सूर कोणता आणि मघाचा कोणता हे ओळखता येत नाही. दोघं एकाच जागेसाठी भांडतात. पडसादाची धार गेलेली असली की तो आपोआप मागे जाऊन बसतो आणि पुढे चालू सुराला वाट राहते. बेंजो मुळात किनरा. त्याच्या टणत्काराची हुबेहूब नक्कल तीन-चार वेळा परत आली तर वऱ्हाडाच्या कानाला चार बेंजो बेताल वाजल्यासारखं ऐकू येतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: बेंजोला स्वच्छ डिले नको, मळका हवा. डिजिटल पेटीत ‘अ‍ॅनालॉग’ किंवा ‘टेप’ असा पर्याय असेल तर डोळे झाकून तो घ्यावा. टोनचं बटण असेल तर ते मध्याच्या खाली आणावं.

स्वस्त-महागाच्या वादाला एक गमतीची किनार आहे. तैवानच्या प्रिन्सटन कंपनीची पीटी 2399 ही चिप कराओके यंत्रांतल्या एकोसाठी बनली. तिच्यावर बेतलेले तयार एको-बोर्ड पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किरकोळ किमतीत मिळतात. तीच चिप हाताने बनवलेल्या अनेक महागड्या गिटार पेडलांच्या पोटातही आहे. तीस मिलिसेकंदांपासून तीनशेच्या थोडं पुढेपर्यंत तिचं चांगलं चालतं. आणखी ताणली की पडसादात वाळू येते. चांगला कारागीर तिला ताणत नाही, पुढेमागे नीट फिल्टर लावतो. स्वस्त बोर्डावर ती उघडी सोडलेली असते. फरक पडतो तो या बेताने. सप्ताहात कीर्तनकाराच्या माइकला आणि पालीच्या खंडोबाला जागरणाच्या माइकला जो एको लावतात, तोही बहुधा असाच उघडा आणि वर पूर्ण फिरवलेला. वाघ्याचा एक शब्द सुटायच्या आत मागचे तीन परत येतात, आणि कथा कुणालाच कळत नाही. हे सुधारायला पैसे लागत नाहीत, एक बटण डावीकडे फिरवावं लागतं.

पेटी विकत घेण्याआधी तिची जात ओळखायची असेल तर एक गोष्ट करून पाहण्यासारखी आहे. बेंजो जोडा, मधल्या सप्तकातला पंचम एकदाच छेडा आणि पडसाद परत येत असतानाच वेळेचं बटण हळूहळू फिरवा. बकेट ब्रिगेडच्या पेटीत सूर जागचा हलतो: उशीर वाढवाल तसा पंचम खाली घसरतो, कमी कराल तसा वर चढतो. कारण एका गतीने आत साठलेला आवाज आता दुसऱ्या गतीने बाहेर काढला जातोय. बऱ्याच साध्या डिजिटल पेट्यांत त्याच वेळी टक्‌कन आवाज येतो किंवा सूर तुटून नव्या जागी उडी मारतो. मग रिपीटचं बटण पूर्ण वर न्या. चांगल्या अ‍ॅनालॉग पेटीत पडसाद फुगत फुगत एका गुंजारवात बदलतो आणि बटण खाली आणलं की निमूट विरतो. वाईट पेटीत तो शिट्टी मारतो. दुकानदार वैतागेल. वैतागू द्यावं.

आता लय. इंग्रजी रॉक संगीतात यू-टू या बँडच्या एज नावाच्या गिटारवाल्याने डिलेचा हिशेब तालात बसवून नाव कमावलं. 1987 च्या त्यांच्या गाण्यांत गिटार जितकी वाजते त्याच्या दुप्पट ऐकू येते. हिशेब आपल्याला अवघड नाही. मिनिटाला 120 मात्रांचा केहरवा धरला तर एक मात्रा 500 मिलिसेकंदांची, अर्धी 250 ची आणि पाऊण 375 ची. अर्ध्या मात्रेचा पडसाद सरळ दुगुनीसारखा बसतो. पाऊण मात्रेचा आडवा पडतो आणि एकट्या बेंजोची जोडी झाल्याचा भास देतो. अडचण इतकीच की स्टुडिओतली लय घड्याळाची असते आणि वरातीतली माणसांची. नवरदेवाचे मित्र तापले की ऑक्टोपॅडवाला लय चढवतो, 120 चे 132 होतात, आणि 500 मिलिसेकंदांचा पडसाद 455 च्या मात्रेत पाय अडकून पडतो. म्हणून पायाने ठोका देऊन वेळ जुळवायची सोय, टॅप टेम्पो, ज्या पेटीत आहे ती दहा जादा आवाज असलेल्या पेटीपेक्षा चांगली. तशी सोय नसेल तर उशीर शंभर-सव्वाशे मिलिसेकंदांवर ठेवावा. तेवढा पडसाद तालात मोजला जात नाही, सुराला नुसती जाडी देतो.

आणि जागा. घरात पलंगावर बसून लावलेला एको रस्त्यावर चिखल होतो, हा अनुभव सगळ्यांचा आहे, पण कारण फार थोडे शोधतात. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. सतरा मीटरवर भिंत असली तर जाऊन परत यायला त्याला 100 मिलिसेकंद लागतात. उंब्रजमध्ये महामार्गाच्या भरावाची उंच भिंत गावाला चिकटून आहे, पेठेत दोन्ही बाजूंना दुमजली-तिमजली घरं आहेत. म्हणजे रस्त्याने आपला डिले आधीच लावून ठेवलेला आहे, त्याला बटण मात्र नाही. विजापूरला सहलीला गेलेल्या प्रत्येकाने गोल घुमटात टाळी वाजवून पाहिलेली असते. त्या घुमटाखाली कुणी बेंजोवर आणखी एको लावला तर आपण त्याला खुळ्यात काढू. भिंतींच्या बोळातून जाताना पेटीवरचा एको जवळपास बंद करावा आणि तारळी-कृष्णेच्या संगमाकडे मोकळ्यावर आलं की परत उघडावा, एवढं साधं शहाणपण वाजवताना कुणी वापरत नाही, कारण पॅच, म्हणजे बटणांची ठरवून ठेवलेली मांडणी, एकदा लावला की रात्रभर तोच.

पिच शिफ्टिंगची गोष्ट वेगळी आणि जास्त फसवी. सुरुवातीची यंत्रं सूर खऱ्या अर्थाने सरकवत नव्हती. 1967 मध्ये जिमी हेंड्रिक्सच्या गिटारला लागलेली ऑक्टेव्हिया लहरीचा खालचा भाग दुमडून वर करायची; लाटा दुप्पट, म्हणून सप्तक वर, आणि सोबत भरपूर किरकिर. 1982 चा बॉस ओसी-2 लाटा मोजून दोनातली एक सोडायचा आणि खालचं सप्तक काढायचा. एका वेळी एकच सूर वाजला तर हे ठीक. दोन वाजले की मोजणारा गोंधळतो आणि पेटी बरळायला लागते. डिजिटल यंत्रांनी, म्हणजे इव्हेंटाइडच्या एच 910 ने आणि पुढे 1990 च्या आसपास आलेल्या डिजिटेकच्या व्हॅमीने, वेगळा मार्ग धरला. आवाजाचे बारीक तुकडे करायचे, ते जलद किंवा सावकाश वाजवायचे आणि सांधे जुळवून पुन्हा ओळीत लावायचे. सगळी कसोटी सांध्यांची. जुळले नाहीत की आवाज थरथरतो, पाण्याखालून आल्यासारखा होतो.

इथे बेंजोला गिटारपेक्षा निसर्गतःच झुकतं माप आहे. गिटारची सगळ्यात जाड तार 82 हर्ट्झच्या आसपास बोलते, तिची एकच लाट पुरी व्हायला बारा मिलिसेकंद लागतात. सूर ओळखायला यंत्राला निदान एक-दोन लाटा पाहाव्या लागतात, म्हणून उत्तर उशिरा येतं आणि वादकाला हात मागे पडल्यासारखा वाटतो. बेंजोचा सूर याच्या तिप्पट वर, लाट चार मिलिसेकंदांच्या आसपास. शिवाय गिटारवाला कॉर्ड वाजवतो, बेंजोवाला चाल. एका वेळी एकच सूर. म्हणजे जुन्या, साध्या, एकसुरी पेट्यासुद्धा बेंजोवर नीट चालायला हव्यात. तरी चालत नाहीत, आणि त्याला कारण वादकच. चालीच्या तारा एकमेकींशी केसभर बेसूर असल्या की डोलणारा सूर यंत्राला दोन सूर वाटतो. त्यात षड्जाच्या झाल्याच्या तारा सतत झणझणत असतात. चालीच्या तारा काटेकोर लावा, ऑक्टेव्ह चालू असेपर्यंत झाल्यावर हात ठेवा. पाच हजारांची पेटी पंधरा हजारांच्या पेटीसारखी वागते.

तरीही खालच्या सप्तकात उतरवलेला बेंजो खोटा का लागतो? याचं उत्तर मिरजेला मिळतं. शिकलगारांच्या, म्हणजे हत्यारं घासून धार लावणाऱ्यांच्या घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तिथे तंतुवाद्यं घडवायला सुरुवात केली; सतारमेकरांच्या गल्लीत आजही तेच काम चालतं, आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे पुरुषी तंबोऱ्याला मोठा भोपळा घेतात, बायकी तंबोऱ्याला लहान. भोपळे येतात सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. पण सूर जितका खाली, तितक्याच हिशेबाने भोपळा मोठा असं तिथलं गणित नाही. काठीची जाडी, तबलीचं लाकूड, तारेचा गेज, सगळं वेगवेगळ्या मापाने थोडं थोडं बदलतं, आणि शेवटचा निकाल कान देतो. पिच शिफ्टर हा विचार करत नाही. तो तारेबरोबर लाकडालाही खाली ओढतो. बेंजोच्या पेटीचा जो स्वतःचा ठसका आहे, तोही सप्तकभर खाली जातो, आणि नखीचा टणत्कार मठ्ठ होतो. कानाला सूर पटतो, वाद्य पटत नाही. माणसाचा आवाज असाच वर सरकवला की कार्टूनमधल्या खारीसारखा होतो, तेही याच कारणाने.

उपाय मिरजवाल्यांच्याच पद्धतीचा: प्रमाण. खालचं सप्तक मूळ सुराच्या पाव हिश्शाइतकंच मिसळावं, म्हणजे ठसका खऱ्या बेंजोचा राहतो आणि पोट यंत्राचं. वरचं सप्तक तर त्याहून कमी, कारण वरची पट्टी बेंजोकडे मुळातच भरपूर आहे.

मिरजेहून आणखी एक गोष्ट उचलण्यासारखी आहे, ती जवारी. घोडीचा माथा कानशीने इतका हलका उतरवायचा की तार त्याला धड टेकतही नाही आणि धड सुटतही नाही. मग दोऱ्याचा तुकडा तारेखाली सरकवत सरकवत एका जागी ती एकदम उघडते आणि स्वरातले सूक्ष्म स्वर एकामागून एक बोलू लागतात. तंबोऱ्याची आस तिथून येते, विजेविना. बेंजोच्या घोडीला असं कुणी फारसं करून पाहत नाही. घोडीवर थोडा वेळ घालवला तर निम्मा एको उतरवता येईल, असं मला वाटतं. मिरजेच्या एखाद्या कारागिराने बेंजो हातात घ्यावा, ही या लेखातली माझी एकमेव मागणी.

व्हॅमीबद्दल मात्र मनापासून चांगलं बोलायला हवं. तिला पायाने दाबायची फळी आहे. फळी दाबली की सूर सलग वर चढतो, सोडली की उतरतो. बटणांच्या वाद्यावर मींड! गिटारवाल्यांना तार ओढून हे थोडंफार करता येतंच, त्यांच्यासाठी ही चैन. बेंजोवाल्यासाठी ती गरज आहे. दोन-तीन सुरांपुरती चढण ठेवून, पाय हलका ठेवून गंधारावरून पंचमावर सरकता येतं. सप्तकभर ठेवली की पोलिसाच्या गाडीचा भोंगा होतो, आणि वरातीत नेमकं तेच जास्त चालतं, हेही कबूल केलं पाहिजे.

उरलं ते वायरींचं, आणि ते थोडक्यात आटोपतं. बेंजोपासून टेम्पोतल्या मिक्सरपर्यंत दहा-पंधरा मीटर साधी केबल ओढली की आवाजातली धार केबलच खाते; मधे चालू असलेलं बफरवालं एखादं पेडल ती वाचवतं. स्वस्त अडॅप्टर आणि जनरेटर मिळून जी घूं घूं करतात तिला डिले प्रामाणिकपणे पुन्हा पुन्हा ऐकवतो, आणि नाव खराब होतं पेडलचं. दहा हजारांच्या पेटीला शंभर रुपयांचा अडॅप्टर लावणारे वादक मी डोळ्यांनी पाहिले आहेत.

तेव्हा यंदाच्या लग्नसराईआधी पेटी घ्यायची असेल, तर दुकानात स्वतःचा बेंजो, स्वतःची केबल आणि स्वतःचा अडॅप्टर घेऊन जा. दुकानदाराच्या गिटारवर ऐकून पैसे देऊ नका. उशीर शंभर-सव्वाशेवर, रिपीट दोन, टोन मध्याच्या खाली, ऑक्टेव्ह पाव. एवढ्यावर जी पेटी चांगली वाजेल ती घ्या. आणि पूर्ण फिरवल्याशिवाय जिचा एको ऐकूच येत नाही, ती तिथेच ठेवून या.